आजपासून मावशी सांगेल

“आजपासून मावशी सांगेल,” रोहिणी म्हणाली आणि तिने निशूच्या मांडीवरचं पुस्तक उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

मी शेंगा फोडत बसले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार. दारावरचं झेंडूचं तोरण अजून ताजं होतं, आणि बाहेर मिरजेचं ऑक्टोबरातलं ऊन असं तापलं होतं की अंगणातली फरशी अनवाणी ओलांडवत नव्हती. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर मात्र गार धुकं पसरलेलं, झाडं लालभडक आणि त्या झाडांखाली एक कोल्हा मान वर करून उभा.

“मी? मला कुठे येतंय जपानी वाचायला?”

“मला तरी कुठे येतं, ताई?”

तेही खरंच होतं. रोहिणी माझी धाकटी बहीण. तिचे यजमान श्रीरंगराव बोटीवर इंजिनिअर. त्यांचा करार बहुतेक भाद्रपद-आश्विनात संपायचा आणि शेवटच्या बंदरावर उतरले की ते मुलांसाठी चित्रांची पुस्तकं घ्यायचे. तिकडच्या दुकानांत त्या दिवसांत पानगळीचीच पुस्तकं मांडलेली असत. त्यामुळे या घरच्या मुलांकडे जपानची पानगळ होती, जर्मनीची होती, हॉलंडची होती. उन्हाळा-पावसाळा कुठेच नाही. त्यातलं एक अक्षर कुणाला वाचता येत नसे. रोहिणी चित्रं बघून गोष्ट सांगायची, आणि सांगून सांगून ती गोष्ट अशी पक्की झालेली असायची, की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर चार वर्षांचा निशू तिला तिथेच अडवायचा.

त्या वर्षी श्रावणात मुंबईला तिचं ऑपरेशन झालं होतं. पोटात गाठ होती, ती काढली. पुढचे विजेचे शेक मिरजेच्या दवाखान्यात घ्यायचे ठरलं, कारण श्रीरंगराव समुद्रावर आणि मुलांकडे बघायला मुंबईत कुणी नाही. आमच्या घरात मूलबाळ नव्हतं. मी सकाळच्या शाळेत शिवण शिकवायची, दुपारी मोकळी. गणपती उठले आणि दोन ट्रंका, गार्गी, निशू आणि पुस्तकांची एक पिशवी घेऊन रोहिणी आमच्याकडे आली. “थोडे दिवस शेक घ्यायचे, की झालं,” असं तिने सांगितलं आणि आम्हाला ते पटलं. न पटण्यासारखं काही दिसतच नव्हतं. ती जेवायची, हसायची, ह्यांच्याशी पत्ते खेळताना लबाडी करायची. डॉक्टरांकडे आम्ही रिक्षाने जायचो, पण आत ती एकटी जायची. मला म्हणायची, “तू बाहेरच बस गं ताई. आत नुसती गर्दी.”

रोज दुपारी तीनच्या सुमाराला, जेवणं-झोपा झाल्या की, ती मधल्या खोलीत सतरंजी टाकायची. निशू तिच्या मांडीत, नऊ वर्षांची गार्गी तिच्या खांद्याला टेकून. मी शिवणयंत्रावर बसल्या बसल्या ऐकायची.

“आपल्याकडे पानं लाल का होत नाहीत?” निशूने एकदा विचारलं होतं.

“आपल्याकडे ऑक्टोबरात माणसं लाल होतात,” हे आतून ओरडले.

रोहिणी हसली. “तिकडे थंडी पडायच्या आधी झाडांना थोडा ताप येतो. म्हणून पानं लाल.”

“मग पानं पडली की झाड बरं होतं?”

तिने पान उलटलं. “झाड बरंच असतं रे. त्याला फक्त दमायला होतं.”

असं सगळं मजेत चाललेलं असताना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ते पुस्तक उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

निशूने ते लगेच काढून घेतलं. “आई सांगेल.”

“माझा घसा बसलाय राजा,” असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली. घटकाभराने शेजारच्या मालनवहिनी कुंपणाशी आल्या तेव्हा हीच रोहिणी त्यांच्याशी फराळाच्या भाजणीवरून तावातावाने वाद घालत होती. आवाज खणखणीत. मी निशूकडे पाहिलं. तो पायरीवर पुस्तक धरून बसला होता, आणि त्यानेही ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी घसा, तिसऱ्या दिवशी डोकं, चौथ्या दिवशी नुसतंच, “मावशी आहे ना.” तीन वाजले की ती आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. बाकी सगळं ती करत होती. निशूला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, गार्गीच्या वेण्या. झोपायलाही तो तिच्याच कुशीत. गोष्ट तेवढी नाही.

मी माझ्या परीने सांगून बघितलं. मला कधी लहान मुलांना गोष्टी सांगायची वेळ आली नव्हती. मुलींना काजं करायला आणि हातशिलाई घालायला शिकवणारी बाई मी. मी पान उलटायची आणि म्हणायची, “हे झाड. ही त्याची पानं. हा कोल्हा.” निशू माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. काटेरी प्राण्याच्या पुस्तकात मी त्या प्राण्याला साळिंदर म्हटलं, तर तो म्हणाला, “त्याचं नाव काट्या आहे. तुला काहीच माहीत नाही.”

गार्गी तर सतरंजीवर बसायचीच नाही. खिडकीत पाय घेऊन बसायची. मी बोलावलं की म्हणायची, “माझ्यासाठी नको सांगूस, मावशी. मी मोठी आहे.”

मी ह्यांच्याजवळ कुरकुर केली. हे म्हणाले, “शेकाने थकवा येत असेल तिला. तू सांग की. काय बिघडतं?”

“बिघडत काही नाही हो. पण पोर तिच्या तोंडाकडे बघत बसतं.”

कोजागिरी झाली. नंतर दोन-तीन दिवसांनी ते घडलं.

त्या दुपारी निशूने मला विचारलंच नाही. पिशवीतून कंदिलाचं पुस्तक काढलं आणि तो थेट आतल्या खोलीपाशी गेला. हे जर्मनीचं पुस्तक. धुक्यातल्या रस्त्यावरून मुलांची रांग चाललेली, प्रत्येकाच्या हातात कागदी कंदील. हे त्याचं सगळ्यात लाडकं. दार त्या दिवशी लोटलेलं नव्हतं, आतून कडी होती.

“आई, कंदिलाचं.”

आतून काही नाही.

“आई, एकदाच. कंदिलाचं एकदाच.”

त्याने दारावर थाप मारली. मग दोन्ही हातांनी मारायला लागला. आधी हट्टाने, मग रडत, आणि मग त्याला ठसकाच लागला. मी शिवण टाकून धावले. त्याला उचलायला गेले तर त्याने मला लाथ मारली आणि पुन्हा दाराला जाऊन चिकटला.

“रोहिणी, दार उघड. लेकरू रडून रडून काळंनिळं झालंय.”

उत्तर नाही. मला एकदम धसका बसला. “अगं, आहेस ना आत? बरी आहेस ना?”

“आहे,” ती म्हणाली. आवाज अगदी जवळून आला.

“मग ये की बाहेर!”

कडी निघाली नाही. माझ्या मस्तकात तिडीक गेली. “चार चित्रांची गोष्ट. तेवढी सांगवत नाही तुला? असा काय त्याचा गुन्हा झालाय?”

खिडकीत बसलेली गार्गी उठली, स्वयंपाकघरातून परसात गेली. मला वाटलं, पोरीला भावाचं रडणं ऐकवेना.

मी निशूशेजारी तिथेच दाराशी जमिनीवर बसले. दुसरं काही सुचेना म्हणून पुस्तक उघडलं आणि दाराकडेच तोंड करून मोठ्याने सांगायला लागले. त्याच्याशी बोलायची सोय नव्हतीच.

“एक होतं गाव. तिथे खूप धुकं पडायचं. मग एके दिवशी सगळी मुलं कंदील घेऊन निघाली. सगळ्यात मागे एक बारका मुलगा होता. त्याला भरभर चालता येत नव्हतं, म्हणून तो मागे राहिला…”

“राहत नाही,” निशू हुंदक्यातून म्हणाला. तोंड दाराकडेच.

“काय?”

“ढब्बू मागे राहत नाही. तो मुद्दाम मागे चालतो. मागून सगळ्यांचे कंदील दिसतात म्हणून.”

“बरं. मुद्दाम मागे चालतो.” मी पान उलटलं. झाडं वाकलेली होती, पानं उडत होती. “मग सुटला वारा. आणि ढब्बूचा कंदील विझला.”

“विझत नाही!” आता तो माझ्याकडे वळला. नाक वाहत होतं, डोळे सुजले होते. “कधीच विझत नाही. ढब्बू त्याला सदऱ्यात घेतो.”

“सदरा जळेल ना रे.”

त्याने विचार केला. आईने याचं उत्तर दिलेलं नसावं. “तो लोकरीचा आहे,” तो म्हणाला.

“मग ठीक आहे.”

शेवटच्या चित्रात एक घर होतं आणि खिडकीत डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी. टेबलावर काहीतरी वाफाळणारं. तिथे रोहिणी काय सांगायची ते मला आठवेना. मी जे सुचलं ते सांगितलं. “ही आजी. हिने मुलांसाठी भाकऱ्या थापल्यात.”

“पाव असतो.”

“माझ्या गोष्टीत भाकरीच आहे. आणि शेंगांची चटणी.”

तो चित्र निरखून बघायला लागला. चटणी शोधत असावा. “तिखट आहे?”

“आहे की. चांगली झणझणीत.”

“मग ढब्बूला नको.”

“त्याला आपण दही देऊ. दह्यात कालवून.”

निशू माझ्या जवळ सरकला. “मग?” तो म्हणाला. “मग काय झालं?”

पुस्तक संपलं होतं. पण त्याने विचारलं होतं, म्हणून मी पुढे सांगत गेले. ढब्बू जेवला, त्याला ढेकर आली, आजीने त्याचा कंदील खुंटीला लावला, मग त्याला शी लागली. निशू रडल्या तोंडाने खदखदा हसला. सांगता सांगता तो माझ्या मांडीत कधी आला ते मला कळलं नाही. पहिल्यांदाच आला होता. मग तिथेच झोपला. परसातलं दार वाजलं, गार्गी आत आली आणि आमच्याकडे न बघता पुन्हा खिडकीत जाऊन बसली.

दिवेलागणीला रोहिणीने कडी काढली. तोंड धुऊन आलेली होती. मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता. मी तिच्याशी बोलले नाही. ती परसाच्या पायरीवर जाऊन बसली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, “ताई, जरा इकडे ये.”

मी दोन कप घेऊन गेले.

“त्याने ‘मग’ म्हटलं ना तुला?”

“म्हटलं. तू ऐकत होतीस तर बाहेर यायला काय झालं होतं?”

“मी आले असते, तर तो तुला ‘मग’ म्हणाला नसता.”

मला काही कळेना. तिने कप खाली ठेवला. पेरूच्या झाडावर राघू ओरडत होते, त्यांच्याकडे बघत ती बोलली.

“डॉक्टरांनी दसऱ्याच्या आधीच सांगितलंय मला. शेकाचा उपयोग नाही. सगळीकडे गेलंय ते. दिवाळी होईल म्हणाले. त्याच्यापुढचं काही बोलले नाहीत.”

मी काय म्हटलं ते मला आता आठवत नाही. काहीतरी बोलले असेन. पुण्याला जाऊ, मुंबईला दाखवू, असलंच काहीतरी. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

“ते सगळं तू आणि भावजी करा. मी अडवणार नाही. पण हे माझं मला करू दे.” मग ती म्हणाली, “ताई, त्या पुस्तकांत अक्षरं आहेत, पण आपल्या उपयोगाची नाहीत. गोष्टी माझ्या तोंडात आहेत नुसत्या. मी गेले की त्याच दिवशी ढब्बू जाईल, काट्या जाईल, कोल्हा जाईल. चार वर्षांच्या पोराचं एका दिवसात किती न्यायचं? मी मेले तरी दुपारी तीन वाजता त्याला गोष्ट मिळाली पाहिजे. आणि ती कुणाकडे मागायची, हे त्याला आधी ठाऊक पाहिजे.”

“मग मला नीट शिकव तरी. तू सांगतेस तशी मी पाठ करते.”

“नको.” हे ती फार पटकन म्हणाली. “माझ्यासारखी सांगितलीस तर दर वेळी त्याला मी आठवेन आणि दर वेळी मी नसेन. तुझी भाकरीच बरी आहे.”

“इतकं रडवून, रोहिणी?”

“अंगावरचं दूध तोडताना रडतातच मुलं. कडू लावावं लागतं.” तिने चहाचा कप उचलला. तो गार झाला होता, तरी ती प्याली. “निशू होईल तुझा. गार्गी होणार नाही. तिला कळलंय. कोणी सांगितलं नाही, पण कळलंय. तिच्या मागे लागू नकोस.”

तसंच झालं. निशू मला रोज पुस्तकं आणून द्यायला लागला. कोल्ह्याच्या गोष्टीत मी कृष्णेचा घाट आणला, काट्याला पांघरायला गोधडी शिवली. आतल्या खोलीतून रोहिणी ऐकायची. दिवाळीपर्यंत तिला उठवेनासं झालं तेव्हा तिने मला एकदा हळूच विचारलंही, “काय गं, जर्मनीच्या म्हातारीला तू नऊवारी नेसवलीस?” आम्ही दोघी हसलो, आणि मग तिला कळ आली.

गार्गी दुपारी तीन वाजता आईच्या खोलीत जायची. दार लोटलेलं असायचं. आत काय चालायचं ते मी कधी विचारलं नाही. आमच्या निशूच्या हसण्यातून मधूनच रोहिणीचा आवाज ऐकू यायचा, एका लयीत, आणि त्यात ढब्बूचं नाव असायचं.

श्रीरंगराव भाऊबीजेनंतर आले. मार्गशीर्ष लागल्यावर एका सकाळी रोहिणी गेली. घर माणसांनी भरलं. निशूला मालनवहिनींनी त्यांच्याकडे नेऊन जेवू घातलं. तिला नेली, बायका न्हाल्या, उन्हं जरा कलली, आणि तो त्या सगळ्या गर्दीतून वाट काढत, लोकांच्या पायांना घासत माझ्याकडे आला. हातात कंदिलाचं पुस्तक. “मावशी, तीन वाजले,” तो म्हणाला. त्याला घड्याळ कळत नव्हतं, पण वेळ बरोबर होती.

कोणीतरी म्हणालं, “लेकराला काय कळतंय बिचाऱ्याला.” मी ओल्या केसांनी त्याला गच्चीवर घेऊन गेले आणि गोष्ट सांगितली. पहिल्या चित्रापासून ढेकरेपर्यंत. एकदाही मध्ये थांबले नाही.

श्रीरंगराव पुढेही बोटीवर जात राहिले. मुलं आमच्याकडेच वाढली. गार्गी बेळगावला दिली, निषाद पुण्यात नोकरीला लागला, हे गेले. माझे गुडघे गेले, शिवणयंत्र कपड्याखाली झाकून ठेवलं. आता त्याला निशू फक्त मीच म्हटलेलं चालतं.

गेल्या दिवाळीत ती दोघं एकदमच मिरजेला आली. निषादची मुलगी रेवा पाच वर्षांची. माळ्यावरची पिशवी त्याने खाली काढली. पुस्तकांची शिवण उसवली होती, पुठ्ठे मऊ पडले होते, लाल रंग मात्र तसाच. दुपारी त्याने रेवाला मांडीत घेतलं आणि कंदिलाचं पुस्तक उघडलं. त्याने सगळं माझंच सांगितलं. नऊवारीतली म्हातारी, भाकरी, शेंगांची चटणी, ढब्बूला दही. रेवा ढेकरेला हसली आणि पुस्तक घेऊन तिच्या आईला दाखवायला पळाली.

“तू अजून विसरला नाहीस,” मी म्हटलं.

“विसरेन कसा? तू एवढ्या वेळा सांगितलीस.” तो हसला. मग सहज बोलून गेला, “आईला बहुतेक या गोष्टींचा कंटाळा असावा.”

खिडकीत बसून गार्गी फुलवाती करत होती. तिचा हात थांबला.

“असं का म्हणतोस?” मी विचारलं.

“मला आईचं एकच आठवतं, मावशी. चेहरा फोटोतला आहे, तो आठवणीतला नाही. आठवतं ते एवढंच, की मी दार वाजवतोय, मला गोष्ट हवीय, आणि ती येत नाही. आत आहे, मला माहितेय की आत आहे, आणि ती येत नाही.” त्याने खांदे उडवले. “तक्रार नाही गं माझी. आजारी होती. पण तेवढंच आहे माझ्याकडे.”

पस्तीस वर्षं मी समजत होते, की रोहिणीने जे योजलं ते पार पडलं. ते पडलंच होतं. मी त्याला पायरीवरचं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, ती काय म्हणाली, अंगावरचं तोडण्याचं, कडू लावण्याचं. सांगताना मी त्याच्याकडे बघत होते. तो मान खाली घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “म्हणजे मुद्दाम,” आणि त्यात दिलासा होता की आणखी दुखणं, ते मला कळलं नाही.

“आत काय करत होती ती?” त्याने विचारलं. “मी एवढा रडत असताना?”

“ते मला नाही रे माहीत. मी बाहेर होते.”

“मला माहितेय,” गार्गी म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“मी परसातून खिडकीशी गेले होते. दगडावर चढून बघितलं. आई खाली जमिनीवर बसली होती, दाराला पाठ लावून. तू जिथे थापा मारत होतास तिथे तिने डोकं टेकलं होतं. तुझी एकेक थाप तिला लागत होती, पण तिने डोकं काढलं नाही.” गार्गीने फुलवातींची वाटी खाली ठेवली. “मग मावशी सांगायला लागली. तेव्हा आई पण सांगायला लागली. आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. मावशी चुकली की ती थांबायची, मान हलवायची, आणि पुन्हा सुरू. मावशीने विझवलेला कंदील तिने नाही विझवला. सगळी गोष्ट सांगितली तिने तुला. पुरती, शेवटापर्यंत.”

निषाद हलला नाही.

“इतकी वर्षं बोलली नाहीस?” मी विचारलं.

“तिने मला बघितलं होतं खिडकीत,” गार्गी म्हणाली. “आणि ओठांवर बोट ठेवलं होतं.”

निषाद उठला. गुडघ्यावर हात टेकत खिडकीपाशी गेला, आणि गार्गीच्या पायांशी जमिनीवर बसला. तिने त्याच्या पिकायला लागलेल्या केसांवर हात ठेवला. तो रडायला लागला, मोठ्याने, आणि आम्ही दोघींनी त्याला रडू दिलं.